केसपेपरपासून डिस्चार्जपर्यंत : रुग्णाभोवतीची माणसे

(विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त झालेल्या व्याख्यानमालेतील भाषण. वस्तीतील रुग्णालयीन कर्मचाऱ्यांनी मिळून हे भाषण तयार केले व त्यांच्यातर्फे एका भगिनीने ते वाचून दाखविले.)



आम्ही पाचजण म्हणजे कोण, हे आधी सांगायला हवे. आमच्यात एक निवृत्त इन्चार्ज सिस्टर आहे, एक सध्या नोकरीत असलेली स्टाफ सिस्टर आहे, एक वॉर्डबॉय, एक आयाबाई आणि एक प्रयोगशाळेतला तंत्रज्ञ. आमच्यात डॉक्टर एकही नाही. समितीने "रुग्णसेवा" या विषयावर बोलायला सांगितले तेव्हा आम्हीच म्हणालो, एखाद्या मोठ्या डॉक्टरला बोलवा, लोक ऐकतील. त्यावर अध्यक्ष म्हणाले, डॉक्टरांची भाषणे पुष्कळ झाली, तुम्ही चोवीस तास तिथे असता, तुम्ही बोला. म्हणून हे धाडस. भाषा आमची साधी आहे, ती तशीच ऐकून घ्यावी.

आपल्या वस्तीत असे घर सापडणे कठीण, की ज्या घरातले कोणी ना कोणी महापालिकेच्या किंवा सरकारी इस्पितळात कामाला नव्हते. कोणाचे वडील वॉर्डबॉय, कोणाची आई आया, कोणाची आत्या सिस्टर, कोणाचा काका लाँड्रीत किंवा किचनमध्ये. या नोकऱ्यांवर आपल्या दोन पिढ्या शिकल्या. तरीसुद्धा घरातला माणूस आजारी पडला आणि इस्पितळात न्यायची वेळ आली, की आपण एकच प्रश्न विचारतो : "डॉक्टर कोण आहे?" डॉक्टर चांगला मिळाला म्हणजे सगळे झाले अशी आपली समजूत. डॉक्टर महत्त्वाचा आहेच, त्याबद्दल दुमत नाही. पण डॉक्टर रुग्णाजवळ असतो किती वेळ? सकाळचा राऊंड, संध्याकाळचा राऊंड, मधे काही बिघडले तर धावत येतो. उरलेले बावीस-तेवीस तास रुग्ण कोणाच्या हातात असतो, ते आज आम्हांला सांगायचे आहे.

सुरुवात केसपेपरपासूनच करू. मोठ्या इस्पितळात डॉक्टर एकेकटे काम करीत नाहीत, त्यांचे युनिट असते. युनिटचा एक प्रमुख, त्याच्या हाताखाली एक-दोन वरिष्ठ डॉक्टर, मग रजिस्ट्रार, मग हाऊसमन आणि शिकाऊ इंटर्न. प्रत्येक युनिटचे ओपीडीचे वार ठरलेले असतात आणि इमर्जन्सीचा वारही ठरलेला असतो. म्हणजे आपण सोमवारी केसपेपर काढला आणि पुढच्या खेपेला सवड मिळाली म्हणून गुरुवारी गेलो, तर समोर दुसरेच युनिट असते. ते पुन्हा पहिल्यापासून विचारते, पुन्हा तपासण्या लिहून देते आणि आपण घरी येऊन म्हणतो, "तिथे कोणाचा कोणाला मेळ नाही." मेळ असतो, पण तो वाराचा असतो. केसपेपरवर युनिटचे नाव किंवा नंबर लिहिलेला असतो, तो बघून त्याच वारी जावे. एवढे कळले तरी कित्येकांचे महिने वाचतील.

आणि ज्याला आपण "ते लहान डॉक्टर" म्हणतो तो हाऊसमन. त्याला लहान समजू नका. साहेबांनी राऊंडला सांगितलेले प्रत्येक काम तोच करतो. रक्त काढतो, रिपोर्ट शोधतो, रक्तपेढीला फोन करतो, सोनोग्राफीची तारीख मिळवतो. सलग छत्तीस तास उभा असलेला हाऊसमन आम्ही पाहिला आहे, लिहिता लिहिता टेबलावर डोके टेकून झोपलेला. त्याला आपल्या मावशीने चहा आणून दिला आणि उठवले, हेही पाहिले आहे.

आता सिस्टर. लोकांना वाटते, सिस्टर म्हणजे इंजेक्शन देणारी. इंजेक्शन हे तिच्या कामातले सगळ्यात थोडे काम. तिचे खरे काम म्हणजे लक्ष ठेवणे. बीपी खाली येते आहे, नाडी वाढली आहे, माणूस मघाशी बोलत होता आणि आता नुसताच बघतो आहे, ऑपरेशनच्या पट्टीवर ओल वाढते आहे, हे सगळ्यांत आधी तिला दिसते. ती सांगते तेव्हा डॉक्टर येतो. तिला दिसलेच नाही तर डॉक्टर कितीही हुशार असो, त्याला कळणार कुठून?

आणि तिला दिसायला हवे असेल तर तिच्याकडे किती रुग्ण आहेत, हा प्रश्न येतो. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषाप्रमाणे वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात साध्या वॉर्डात तीन रुग्णांमागे एक परिचारिका हवी आणि इतर रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक. आमच्यातली जी निवृत्त आहे, तिने आयुष्यभर रात्रपाळीला पन्नास-पंचावन्न रुग्ण आणि दोन सिस्टर असेच बघितले. खाटा चाळीस, बाकीचे जमिनीवर गादी टाकून. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या १६८ रुग्णालयांचा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. त्यात असे आढळले, की एका परिचारिकेमागे एकेक रुग्ण वाढत जातो तसतशी शस्त्रक्रिया झालेला रुग्ण महिन्याभरात दगावण्याची शक्यता सात-सात टक्क्यांनी वाढत जाते. चार रुग्णांच्या जागी पाच झाले तर एवढा फरक. मग आपल्याकडे काय होत असेल, याचा हिशेब आपणच करावा. म्हणून सिस्टर ओरडली, तुटक बोलली, तर राग येणे साहजिक आहे, पण त्या वेळी वॉर्डात मान फिरवून खाटा मोजाव्यात आणि सिस्टर मोजाव्यात. राग कोणावर काढायचा हे त्या मोजणीतून कळते. तो राग अर्जात लिहून वरच्या साहेबाकडे किंवा नगरसेवकाकडे पोचवला तर काही पदे भरली जातील. सिस्टरवर काढून एकही पद भरले जात नाही.

पाळी बदलताना एक गोष्ट होते, तिला आम्ही "ओव्हर देणे" म्हणतो. जाणारी सिस्टर येणाऱ्या सिस्टरला खाटेखाटेवर सगळे सांगते. या बाईचे सलाईन किती राहिले, त्या आजोबांना कशाची ॲलर्जी आहे, अमक्याला उद्या ऑपरेशन आहे म्हणून रात्री बारानंतर पाणीसुद्धा नाही. ही दहा-पंधरा मिनिटे फार मोलाची असतात. नेमक्या त्याच वेळी नातेवाईक गराडा घालतात, "सिस्टर, आमचे जरा बघा ना." त्या वेळी निकड नसेल तर थोडे थांबावे. ओव्हरमध्ये एक वाक्य निसटले, तर ते वाक्य कोणाच्या तरी जिवाचे असू शकते.

आता आयाबाई आणि वॉर्डबॉय. त्यांना कोणी मावशी म्हणते, कोणी मामा. नाते लावले जाते, पण मान दिला जातो असे नाही. या दोघांविषयी आम्ही जरा सविस्तर बोलणार आहोत, कारण बाहेरच्या भाषणात यांच्याविषयी कोणी बोलत नाही.

मावशीचे काम काय, असे विचारले तर लोक म्हणतात, भांडे द्यायचे आणि भांडे उचलायचे. आता हेच बघा. हृदयाचा किंवा किडनीचा पेशंट आहे. डॉक्टर विचारतो, चोवीस तासांत लघवी किती झाली? त्यावर तो ठरवतो, की सलाईन किती द्यायचे, पाणी किती प्यायला द्यायचे, गोळी वाढवायची का कमी करायची. तो आकडा कोण देते? मावशी देते. तिने भांडे मोजले, सिस्टरला सांगितले, सिस्टरने तक्त्यावर लिहिले. मधेच नातेवाईकाने चांगुलपणाने भांडे नेऊन ओतून टाकले आणि कोणाला सांगितले नाही, तर डॉक्टरचे सगळे गणित चुकते. डॉक्टरला वाटते किडनी काम करीत नाही आणि इकडे लघवी संडासात वाहून गेलेली असते! हे विनोदाने सांगतो आहोत, पण वॉर्डात हा विनोद नसतो. तेव्हा भांडे ओतायचे असेल तर आधी दाखवून ओतावे.

तसेच कूस बदलण्याचे. अर्धांगवायूचा, मणक्याचा, बेशुद्ध असलेला रुग्ण एकाच कुशीवर पडून राहिला, तर माकडहाडापाशी, टाचेला, खुब्याला कातडी लाल होते, मग फुटते, मग खोल जखम होते. आजार बरा होतो आणि माणूस त्या जखमेने जातो. त्यावर औषधापेक्षा मोठा उपाय म्हणजे दर दोन तासांनी कूस बदलणे, कातडी कोरडी ठेवणे, चादरीला सुरकुती न ठेवणे. हे काम कोणत्याही यंत्राने पुरते होत नाही, त्याला हात लागतात. परळच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांचे नाव आपण ऐकले असेल. १९७३ च्या नोव्हेंबरमध्ये रुग्णालयातच त्यांच्यावर अमानुष हल्ला झाला आणि त्या कायमच्या अंथरुणाला खिळल्या. १८ मे २०१५ रोजी त्यांचे निधन झाले, म्हणजे सुमारे ४२ वर्षे. इतकी वर्षे त्यांना तिथल्याच सिस्टरांनी आणि कर्मचाऱ्यांनी सांभाळले, भरवले, स्वच्छ ठेवले. २०११ साली त्यांचा खटला सर्वोच्च न्यायालयापुढे आला तेव्हा इतक्या वर्षांत त्यांना अंथरुणाची एकही जखम झालेली नाही, याची नोंद न्यायालयाच्या निकालात घेतली गेली. ज्यांनी हे केले त्यांतल्या कित्येकजणी त्या घटनेच्या वेळी जन्मलेल्याही नव्हत्या. एक पिढी निवृत्त होऊन जाताना दुसऱ्या पिढीला ओव्हर देत गेली. याला आम्ही रुग्णसेवा म्हणतो.

वॉर्डबॉयचे काम म्हणजे ट्रॉली ढकलणे, असे म्हणणाऱ्याने एकदा ट्रॉली ढकलून बघावी. रेल्वेतून पडलेला माणूस आला आहे, मान किंवा मणका मोडला असण्याची शंका आहे. त्याला चौघांनी एका आवाजात, एका वेळी, सरळ लाकडासारखा उचलायचा असतो. एकाने घाई केली, कमरेत वाकवला, तर जे पाय चालू शकले असते ते कायमचे जातात. रुग्णाला एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत एक्स-रेला न्यायचे, तर निघण्याआधी सिलिंडरमध्ये प्राणवायू किती आहे हे बघायचे, चावी बरोबर घ्यायची, लिफ्ट बंद असेल तर दुसरा रस्ता ठाऊक हवा. हे कोणत्याही पुस्तकात नसते, जुन्या मामाकडून नवा मामा शिकतो. आमच्यातला जो वॉर्डबॉय आहे त्याला त्याच्या पहिल्या आठवड्यात एका जुन्या मामाने सांगितले होते, पेशंटला नेताना पाय पुढे आणि डोके आपल्याकडे ठेव, म्हणजे तुला त्याचा चेहरा दिसेल. चेहरा बदलला तर थांब.

अशा वेळी आम्हांला विनयपिटकातील महावग्गाची आठवण होते. अतिसाराने आजारी पडलेला एक भिक्खू आपल्याच घाणीत पडून होता. तो इतरांच्या काही उपयोगाचा नाही म्हणून त्याच्याकडे कोणी बघत नव्हते. भगवंतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले. भगवंतांनी पाणी ओतले, आनंदाने त्याला धुतले आणि दोघांनी डोक्याकडून व पायांकडून उचलून त्याला खाटेवर ठेवले. नंतर संघाला बोलावून त्यांनी शुश्रूषा करणाऱ्याच्या अंगी कोणते पाच गुण असावेत तेही सांगितले. औषध तयार करता यावे, पथ्य-कुपथ्य कळावे, लाभासाठी नव्हे तर मैत्रीभावाने सेवा करावी, मलमूत्र, थुंकी, ओकारी काढण्याची किळस नसावी आणि रुग्णाला धीर देणारे चार शब्द बोलता यावेत. आमच्या आयाबाईने हे प्रथम ऐकले तेव्हा ती म्हणाली, "अगं, ही तर आमची ड्युटी!" विशेष म्हणजे त्याच ठिकाणी रुग्ण कसा असावा तेही सांगितले आहे. औषध घेणारा, पथ्य पाळणारा, दुखणे न लपवता खरे सांगणारा. त्याकडे आम्ही पुढे येणार आहोत.

या देशात मलमूत्राच्या कामाला जात चिकटवली गेली हे आपणांला वेगळे सांगायला नको. इस्पितळात सफाईच्या आणि चतुर्थ श्रेणीच्या कामावर आपलीच माणसे का भरली गेली, याचे उत्तर त्यात आहे. म्हणून आपल्या मुलांनी तेच काम पिढ्यान्‌पिढ्या करावे, असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. त्यांनी डॉक्टर व्हावे, सिस्टर व्हावे, तंत्रज्ञ व्हावे, प्रशासनात जावे. पण शाळेत "वडील काय करतात?" असे विचारल्यावर मुलगा "हॉस्पिटलमध्ये आहेत" एवढेच बोलून गप्प बसतो, ते आम्हांला खटकते. १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्याला सावित्रीबाई फुले आजाऱ्यांना आपल्या मुलाच्या, डॉ. यशवंतरावांच्या दवाखान्यात पोचवीत होत्या आणि त्याच रोगाने १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. पेशंटला उचलून आणण्याचे ते काम आज कोणाच्या नावाने चालते? मामाच्याच ना?

कामाची विभागणी नीट समजून घेतली नाही, तर काय होते याचे एक जुने उदाहरण प्रशिक्षणात आम्हांला शिकवले होते. व्हिएन्नाच्या मोठ्या रुग्णालयात बाळंतिणींचे दोन विभाग होते. एकात डॉक्टर व वैद्यकीय विद्यार्थी बाळंतपणे करीत, दुसऱ्यात सुईणी. डॉक्टरांच्या विभागात बाळंतज्वराने शंभरात दहाच्या आसपास बायका मरत, सुईणींच्या विभागात त्याच्या निम्म्याहूनही कमी. बायका डॉक्टरांच्या विभागात जायला घाबरत, रडत. सगळे म्हणत, हवा वाईट आहे. १८४७ साली सेमेलवाइस नावाच्या तरुण डॉक्टरच्या ध्यानात आले, की विद्यार्थी शवविच्छेदन करून तसेच बाळंतिणीकडे येतात आणि सुईणींना शवविच्छेदन करावे लागत नाही. त्याने क्लोरिनच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली आणि मृत्यू झपाट्याने खाली आले. त्याचे मोठमोठ्या डॉक्टरांनी ऐकले नाही, उलट अपमान वाटून घेतला. मोठ्या माणसाचे हातसुद्धा अस्वच्छ असू शकतात, हे मान्य करणे त्यांना जड गेले. आम्हांला वाटते ही अडचण आजही पुरती गेलेली नाही. २००९ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या ऑपरेशनच्या यादीचा अनुभव प्रसिद्ध झाला. दिल्लीसह जगातल्या आठ शहरांत ती वापरून पाहिली होती. पेशंट कोण, ऑपरेशन कोणते, बाजू कोणती, शेवटी कापूस-कापड मोजले का, असे साधे प्रश्न मोठ्याने विचारायचे आणि थिएटरमधल्या प्रत्येकाने आपले नाव व काम सांगायचे. तेवढ्याने मृत्यू शंभरात दीडवरून एकाच्याही खाली आले. कारण नाव सांगितलेली सिस्टर पुढे "थांबा, एक पॅड कमी आहे" असे म्हणायला कचरत नाही.

आता प्रयोगशाळेचे. आमचा तंत्रज्ञ बंधू खिडकीच्या आत बसतो, त्याला पेशंट दिसत नाही, फक्त नळी दिसते आणि त्यावरचे नाव. त्याचे म्हणणे असे, की वॉर्डात एका वेळी तीन कांबळे, दोन जाधव आणि चार शेख असतात. नळीवर नुसते "कांबळे" लिहून आणले, तर तो ती परत पाठवतो आणि नातेवाईक म्हणतात, "माज आला आहे." अहो, रक्त चढवायचे आहे! एका कांबळेचे रक्त दुसऱ्या कांबळेला जुळेलच असे नाही. पूर्ण नाव, नोंदणी क्रमांक, वॉर्ड, तारीख हे बघितल्याशिवाय नळी हातातून सोडू नये. रक्ताविषयी आणखी एक. रक्त विकत देण्याचा धंदा सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालाने बंद झाला. रक्तपेढीतली पिशवी कोणा ना कोणाच्या दानातूनच येते. आपल्या विहारात शिबिर होते तेव्हा रांगेत तरुण किती असतात आणि बाहेर गप्पा मारत किती असतात, हे आम्ही दरवर्षी बघतो. असो.

समाजसेवक, म्हणजे मेडिकल सोशल वर्कर, यांची खोली बहुतेकांना माहीत नसते. मुंबईत जे. जे. रुग्णालयात १९४६ साली हे पद प्रथम सुरू झाले. महागडे औषध बाहेरून लिहून दिले आहे, मुलाला कृत्रिम पाय हवा आहे, घरात कमावते कोणी नाही, अशा वेळी ट्रस्टकडून मदत कशी मिळवायची हे त्यांना ठाऊक असते. आपल्यातले एक कुटुंब सावकाराकडून कर्ज काढून मोकळे झाले आणि नंतर त्यांना कळले, की तळमजल्यावर ही खोली होती. महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेत जी रुग्णालये आहेत तिथे "आरोग्यमित्र" बसतो. भरती होतानाच, शक्य तर पहिल्याच दिवशी, रेशनकार्ड आणि आधार घेऊन त्याला गाठावे. डिस्चार्जच्या दिवशी गाठून उपयोग होत नाही. खासगीतली जी मोठी इस्पितळे धर्मादाय न्यास म्हणून नोंदलेली आहेत, त्यांना मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेप्रमाणे दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. काउंटरवरचा माणूस हे आपण होऊन सांगेलच असे नाही. उत्पन्नाचा दाखला हातात ठेवून विचारावे लागते, आणि भीक मागितल्यासारखे विचारू नये.

जे कधीच दिसत नाहीत त्यांच्याविषयीही दोन शब्द. इलेक्ट्रिशियन, ऑक्सिजनचा ऑपरेटर, लाँड्री, किचन, सफाई. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागून दहा बालके गेली. त्याच वर्षी २१ एप्रिलला नाशिकच्या महापालिका रुग्णालयात प्राणवायूची गळती होऊन पुरवठा थांबला आणि वीसहून अधिक रुग्ण गेले. त्या दिवशी डॉक्टरांचे ज्ञान कमी पडले नव्हते. तार, नळी, व्हॉल्व्ह आणि त्यांवर लक्ष ठेवणारा माणूस, हीदेखील रुग्णसेवाच असते.

आणि आता हीच पदे भरली जात नाहीत, हे आमचे दुखणे आहे. पुष्कळ ठिकाणी मामा, मावशी, सफाई कामगार ठेकेदाराकडून येतात. आम्ही त्या मुलांच्या विरोधात नाही, ती आपल्याच वस्तीतली आहेत. पण आज आलेला मुलगा चार महिन्यांनी दिसत नाही. जुन्या मामाने ज्याला शिकवावे असा नवा मामाच उरत नाही. पिवळ्या पिशवीत काय, लाल पिशवीत काय, सुई कोणत्या पांढऱ्या डब्यात, काच कोणत्या निळ्या डब्यात हे त्याला नीट सांगितलेले नसते. सुई साध्या कचऱ्यात पडते आणि दुसऱ्या सफाईवाल्याच्या हातात घुसते. कावीळ-बीची लस, तीन डोस, प्रत्येकाला मिळायला हवी. ठेक्यावरच्या पोराला ती मिळाली की नाही, हे कोण विचारणार? आई-बापांनी विचारावे. लस मिळाली का, हातमोजे मिळतात का, विमा कार्ड झाले का, फंड कापला जातो तो भरला जातो का? कामगारांच्या आरोग्यविम्याची चर्चा बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळीत असतानाच सुरू झाली होती आणि १९४८ साली त्याचा कायदा झाला. तो विम्याचा हक्क मिळतो की नाही, हे बघणे आपले काम आहे.

शेवटी रुग्णाच्या माणसांविषयी, म्हणजे आपणां सर्वांविषयी. महावग्गातले मघाचे अर्धे राहिले होते ते. रुग्णाने दुखणे खरे सांगावे. दारू किती घेतो हे बायकोसमोर सांगायची लाज वाटत असेल, तर सिस्टरला बाजूला सांगा, पण सांगा. भूल देणाऱ्या डॉक्टरला ते माहीत असावेच लागते. ऑपरेशनआधी उपाशी ठेवले आहे म्हणून कळवळून आईने चोरून चहा पाजला आणि भुलेमध्ये तोच चहा फुफ्फुसात गेला, तर त्या मायेचे काय करायचे? साखरेच्या पेशंटला सुई दिल्यावर डबा यायला उशीर झाला तरी धोका आणि डब्यात बासुंदी आली तरी धोका. बाहेरचा काढा, वैदूची पुडी, दुसऱ्या दवाखान्यातल्या गोळ्या, जे चालू आहे ते घेऊन या आणि दाखवा. कोणी हसणार नाही, आणि हसले तर हसू द्या.

मारहाणीविषयी स्पष्ट बोलतो, कोणाला राग आला तरी चालेल. माणूस गेल्यावर दुःख होते, संताप होतो, शंका येते. पण वॉर्डात घुसून हाऊसमनला आणि सिस्टरला मारले, काचा फोडल्या, तर त्या रात्री बाकीच्या पन्नास पेशंटांकडे बघायला कोणी राहत नाही. ते पेशंटही आपल्यासारख्याच घरातले असतात. २०१० च्या कायद्याप्रमाणे हा अजामीनपात्र गुन्हा आहे आणि तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. पोरांच्या नोकऱ्या जातात, कोर्टाच्या खेपा सुरू होतात, आणि चूक खरोखर झाली असेल तर तिची चौकशी या गोंधळात बुडून जाते. हलगर्जीपणा झाला असे वाटत असेल, तर इंडोर पेपरच्या नकला लेखी मागा, तो आपला हक्क आहे. शवविच्छेदनाला नाही म्हणू नका. तारीख, वेळ, कोण कामावर होते हे वहीत लिहून ठेवा आणि मग अधिष्ठाता, पोलीस, वैद्यकीय परिषद, जिथे जायचे तिथे जाऊ. आम्ही स्वतः बरोबर येऊ. आमच्या माणसांची चूक असेल तर ती झाकण्यासाठी आम्ही इथे उभे नाही. पैसे घेतल्याशिवाय ट्रॉली न हलवणारा मामाही आम्ही बघितला आहे आणि बाळ दाखवायला शंभराची नोट मागणारी मावशीही. त्यांनाही वॉर्डात आम्ही हेच सांगतो आणि त्यावरून भांडणेही झाली आहेत.

समितीने मोठ्या मनाने एक सोय करून दिली आहे, ती सांगतो आणि थांबतो. दर रविवारी सकाळी वंदना झाल्यानंतर तासभर, आमच्यापैकी ज्याला सुट्टी असेल तो विहाराच्या ग्रंथालयात बसेल. घरात कोणी आजारी असेल तर सगळे जुने केसपेपर, रिपोर्ट आणि डिस्चार्ज कार्ड तारखेप्रमाणे लावून, एका पिशवीत घालून आणावेत. आम्ही औषध सांगणार नाही, ते आमचे काम नाही. कोणत्या वारी, कोणत्या खिडकीवर, कोणती कागदपत्रे घेऊन जायचे ते सांगू. रात्रीबेरात्री कोणाला त्रास झाला तर आमची वाट न बघता आधी १०८ ला फोन करावा. आणि एक विनंती. मुलींपैकी कोणाला नर्सिंगला जायचे असेल, तर तिने फॉर्म भरण्याआधी आईला घेऊन एकदा येऊन भेटावे. आमच्या निवृत्त सिस्टरने आपली पुस्तके जपून ठेवली आहेत, ती द्यायला कोणीतरी हवे आहे.

जयभीम. नमो बुद्धाय.